हा तो नव्हेच

माझ्या मामाचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाक. दुसऱ्या खुर्चीवर कारागीर कधी टिकला नाही, कारण दिवसभर मामाच्या शेजारी उभं राहून त्याची बडबड ऐकणं सोपं नव्हतं. गिऱ्हाईक निदान केस कापून झाले की सुटायचं. मामी म्हणायची, "यांची कात्री बोथट झाली तरी चालेल, जीभ आहे ना!"

सगळी गल्ली त्याला मामा म्हणायची, पण माझा तो सख्खा मामा. आई गेल्यावर मी त्याच्याकडेच वाढले, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी इस्पितळात रक्ततपासणीच्या विभागात नोकरीला लागले तेव्हा मामाने आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला ती बातमी ऐकवली. कुणी म्हणालं, "मामा, परवाच सांगितलंत की," तर म्हणायचा, "मग आता नीट ऐका."

त्याला एकाच गोष्टीचा खरा अभिमान होता. माणूस ओळखण्याचा. "डोकं एकदा हातात आलं की आत काय शिजतंय ते मला कळतं," असं तो म्हणायचा. नोकरी गेलेला माणूस मान कशी टाकतो, घरी भांडून आलेला डोळे मिटून कसा बसतो, सगळं तो आम्हाला जेवताना करून दाखवायचा. बरेचदा त्याचं बरोबरही निघायचं.

शेजारी चावीवाल्याचं दुकान. दुकान कसलं, माणूस उभा राहील एवढी खिडकी आणि चाव्या कापायचं यंत्र. मी त्याला काका म्हणायचे. काका मामाच्या अगदी उलटा, विचारलं तेवढंच बोलणारा. म्हणूनच दोघांचं छान जमलं होतं. संध्याकाळी काकू, म्हणजे त्याची बायको, वरच्या त्यांच्या खोलीतून दोघांसाठी चहा घेऊन खाली यायची आणि दारातूनच मामाला विचारायची, "काय भावजी, आज किती जणांना पकवलंत?" मामा म्हणायचा, "वहिनी, तुमचा नवरा वाचला तेवढा." काका हसायचा. काकूला बघितलं की त्याचा चेहराच सैल व्हायचा.

त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी मी दुकानातच होते, टॉवेलांच्या घड्या घालत. तो पोरगा आला तेव्हा दुकान रिकामं होतं. पोरगा म्हणजे पंचविशीचा असेल. पार्सलच्या गोदामात कामाला होता, वर्षभर आमच्याकडे दाढीला यायचा. केस खांद्यापर्यंत वाढलेले. मामा त्याला गोदामवाला म्हणायचा. "आज सगळे उडवा," तो म्हणाला.

मामा खुशीत आला. कित्येक महिने तो त्याच्या केसांच्या मागे लागला होता. कापता कापता त्याने त्याला गोदामातल्या साहेबाचं विचारलं, गुडघ्याचं दुखणं विचारलं. मग एक जुनाच विनोद सांगितला, टकल्या गिऱ्हाइकाचा, जो मी शंभरदा ऐकला होता. पोरगा हसला. मोठ्याने नाही, पण हसला. मी आरशात बघितलं. मामाने मानेवरचे केस झटकले, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "चला, आता माणसात आलास."

पोरगा आरशात स्वतःकडे बघत क्षणभर बसला, "थँक यू मामा" म्हणाला आणि गेला.

दुपार व्हायच्या आत तो जुन्या बाजारात शिरला. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच ती इमारत आहे, उंच पत्र्याच्या छताची, दोन्ही टोकांना दारं. पाठीवरच्या पिशवीतून त्याने बंदूक काढली आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत सुटला. आवाज आमच्या दुकानापर्यंत आला. मामाला आधी वाटलं, पत्रे पडतायत. मग माणसं पळत आली, एकीच्या पायात एकच चप्पल, एकाच्या हातात तराजूचं पारडं तसंच. काका खिडकीतून बाहेर आला आणि कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाला, "ती कांदे आणायला गेलीय."

दोघं धावले. पोलिसांनी दोरी बांधली होती, आत सोडलं नाही. पोरग्याने शेवटची गोळी स्वतःला घालून घेतली होती. काकूचा पत्ता संध्याकाळपर्यंत लागला नाही. मग काकाला इस्पितळात बोलावलं. मी तिथेच होते, पण मला त्या मजल्यावर जाऊ दिलं नाही. काका जिन्यावरून खाली आला तो भिंतीला हात लावत लावत. मी "काका" म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, पण ओळखल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू घरी आली ती बंद पेटीत. पेटी उघडली नाही.

पोलीस दुकानात आले तेव्हा मामा खुर्चीत बसला होता, गिऱ्हाइकाच्या. त्यांनी जे विचारायचं तेच विचारलं. तो काय बोलला? पिशवी जड वाटली का? हात थरथरत होते का? तुम्हाला काहीच जाणवलं नाही? मामा "नाही, नाही, नाही" म्हणत राहिला. अधिकारी सभ्य होता, जाताना म्हणाला, "तुमचा काही दोष नाही." पण गल्लीतला प्रत्येकजण तेच विचारायला लागला, आणि सगळे काही सभ्य नव्हते. बाकावर बसलेला एकजण म्हणाला, "मामा, डोकं हातात आलं की तुम्हाला सगळं कळतं ना? मग?" त्याने सहज म्हटलं असेल. मामाने त्याचे केस अर्धे कापले आणि "बाकीचे उद्या" म्हणून त्याला उठवलं.

तो जेवेना. ताटासमोर बसायचा आणि उजवा हात उलटा-सुलटा करून बघायचा. एकदा मला म्हणाला, "याच हाताने त्याची मान धरली होती गं. वस्तरा हातात होता." मामी म्हणाली, "वस्तऱ्याने काय करणार होतात? गिऱ्हाईक होतं ते." मामा म्हणाला, "हसला तो. माझ्या विनोदाला हसला."

सगळ्यात जास्त त्याला ते हसणं छळत होतं. पोरगा रडला असता, शिव्या दिल्या असत्या, गप्प बसला असता, तरी मामाला कुठेतरी बोट ठेवता आलं असतं. पण तो चांगला वागला होता.

मग टीव्हीवर फोटो आला. लांब केसांचा, ओठ मिटलेला चेहरा. मामा उठून टीव्हीजवळ गेला. "हा तो नव्हेच," म्हणाला. "त्याचे केस मी सकाळी कापले. हे बघ, खांद्यापर्यंत आहेत."

"मामा, जुना फोटो आहे तो," मी म्हटलं. "गोदामाच्या ओळखपत्रावरचा असेल."

"जिवणीही तशी नाही."

"तोच आहे. मीही बघितलंय त्याला."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. मी टीव्ही बंद केला. त्या रात्री मामा पोटभर जेवला. मामीने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाली, "राहू दे. काय म्हणायचंय ते म्हणू दे. निदान घास तरी उतरतोय."

दुसऱ्या दिवसापासून त्याने दुकानात तेच सांगायला सुरुवात केली. ज्याचे केस कापले तो वेगळा, बाजारात गेला तो वेगळा. आधी सांगताना चाचरायचा, मग त्यात रंग भरायला लागला. आणि मजा अशी, की ऐकणाऱ्यांनाही ते हवंच होतं. भाजीवाली म्हणाली, तिने मागच्या दारातून एकाला पळताना बघितलं होतं. पळताना तर सगळेच पळत होते. दुसरा म्हणाला, आवाज दोन बंदुकांचे होते. पत्र्याखाली एक टाळी वाजवली तरी दोन ऐकू येतात, हे लहानपणापासून आम्हा सगळ्यांना माहीत. पण आता कुणाला ते आठवायचं नव्हतं. रोज समोर दिसणारा, गुडघ्याच्या दुखण्याचं सांगणारा एक पोरगा काहीही कारण नसताना उठतो आणि माणसं मारतो, हे एकदा मान्य केलं की मग उद्या बसमध्ये शेजारी बसलेल्याकडे कसं बघायचं? त्यापेक्षा कुणीतरी मोठं, लांबचं, पाताळयंत्री माणूस असलेलं बरं. त्याला निदान कारण तरी असतं.

मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा नुसती चीड यायची.

बाकावरच्या कुणीतरी मामाचं बोलणं मोबाइलवर घेतलं आणि पुढे पाठवलं. आठवड्याभरात ते कुठल्या कुठे पोचलं. अनोळखी माणसं केस कापायला येऊ लागली. त्यांना केस कापायचे नसायचेच. मामाचा हात दाबायची, "तुम्ही खरे धाडसी," म्हणायची. मामाची पाठ ताठ झाली. दुसऱ्या खुर्चीवर माणूस ठेवावा का, असंही एकदा मामीला म्हणाला.

काकाची खिडकी बंद होती. मामा रोज एकदा त्याच्या घरी जाऊन बसायचा, पण तिथे हा विषय काढायचा नाही. काढला असता तर पुढचं टळलं असतं की काय, कुणास ठाऊक.

मग एक टोपीवाला आला, मोबाइलवर बघायचे कार्यक्रम करणारा. दुसऱ्या शहरातून, गाडी घेऊन. त्याच्याकडे तीन पायांवर उभा राहणारा कॅमेरा होता, आणि आवाज असा मऊ की वाटावं घरचाच माणूस. त्याने मामाला खुर्चीत बसवलं, आरशाकडे पाठ करून. केसांचं विचारलं, फोटोचं विचारलं, पोलीस काय म्हणाले ते विचारलं. मामा रंगात येऊन बोलत होता. मी दारात उभी होते. मग टोपीवाल्याने तसंच मऊ आवाजात विचारलं, "शेजारच्या बाई गेल्या म्हणतात. तुमचे अगदी घरोब्याचे संबंध. तुम्ही त्यांना बघितलं का? म्हणजे, गेल्यावर?"

मामा थांबला. "नाही," म्हणाला. "पेटी बंद होती."

"उघडलीच नाही?"

"नाही."

"तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

मी म्हटलं, "मामा, बास." मामाने माझ्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. "आता तुम्ही म्हणताय तर..." एवढंच म्हणाला. वाक्य पुरंही केलं नाही.

ते अर्धं वाक्य जगभर फिरलं. खाली लिहिलेलं असायचं, सख्ख्या शेजाऱ्यालाही प्रेत दाखवलं नाही. त्यावरून पुढे काय काय निघालं! बाजारात कुणी मेलंच नाही. मेलेले सगळे नट होते. ती बाई कुठेतरी ऐष करतेय, नवऱ्याला गप्प राहायचे पैसे मिळालेत. कुणीतरी कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावरच्या बाईचा फोटो शोधला आणि लिहिलं, ही बघा.

काकाने नुकतीच खिडकी उघडली होती. घरी बसवत नव्हतं म्हणून. पहिल्याच दिवशी एक जोडपं चावी करून घ्यायला आलं. काका यंत्रावर वाकला तशी त्यातली बाई मोबाइल त्याच्या तोंडाजवळ धरून म्हणाली, "खरं सांगा, बायको कुठे लपवलीत?" काकाला आधी कळलंच नाही. "काय?" म्हणाला. ते "काय?"सुद्धा दाखवत फिरले लोक, बघा कसा दचकला म्हणून. मग फोन सुरू झाले. कुणी शिव्या द्यायचं, कुणी हसायचं, कुणी म्हणायचं, "तिला फोन द्या जरा."

मामाला हे मी सांगितलं. तो म्हणाला, "मी असलं कुठे म्हटलंय? मी फक्त केसांचं म्हटलं." पण तो काकाच्या खिडकीसमोरून जायचा बंद झाला. मागच्या बोळातून दुकानात यायला लागला.

मग एके सकाळी काकाच आमच्या दुकानात आला. बाकावर माणसं होती. त्यांच्याकडे न बघता तो सरळ खुर्चीत बसला. दाढी छातीवर यायची बाकी होती. "कर," म्हणाला.

मामाने फडकं बांधलं, साबण लावला. मामा गप्प आणि काका बोलतोय, असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

"तू म्हणतोस ती गेली नाही," काका म्हणाला.

"मी तसं..."

"ऐक. मलाही सकाळी उठल्यावर तसंच वाटतं. वाटतं, कुठेतरी ठेवलीय तिला कुणीतरी. का ठेवलीय ते जाऊ दे. पण आहे. तुला ठाऊक असलं तर सांग ना. मी कुणाला बोलणार नाही. कुठे आहे ती?"

तो चिडून बोलत नव्हता. खरंच विचारत होता. मामाच्या हातातला वस्तरा तसाच राहिला.

"मला दाखवली त्यांनी," काका म्हणाला. "मी बघितली. चेहरा नव्हता रे. हातावरून ओळखली, चहा सांडून भाजल्याची खूण होती त्यावरून. पेटी बंद ठेवायला मीच सांगितलं. तिला तसं कुणी बघू नये म्हणून. तू तर मुळीच बघू नयेस म्हणून."

बाकावरची माणसं एकेक करून उठून गेली. मामा वस्तरा ठेवून खाली बसला, कापलेल्या केसांतच. काका अर्ध्या साबणाचं तोंड फडक्याने पुसून उठला आणि आपल्या खिडकीत गेला. नंतर बराच वेळ पलीकडून यंत्राचा आवाज येत राहिला, चावी न लावता नुसतंच फिरवल्यासारखा.

त्याच दुपारी मामाने मला मोबाइल धरायला लावला. खुर्चीत बसून, सरळ बघत तो बोलला: फोटोतला आणि खुर्चीतला पोरगा एकच होता. केस मी कापले. त्याच्या डाव्या कानामागे जखमेची खूण होती, पोलिसांनीही तीच सांगितली, आणि मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. तो माझ्या विनोदावर हसला आणि जाऊन माणसं मारून आला. मला त्यात काही दिसलं नाही. दिसण्यासारखं काही होतं की नव्हतं, ते मला ठाऊक नाही. माझ्या वहिनी गेल्या. त्यांच्या माणसाला त्रास देऊ नका.

कानामागच्या खुणेचं ऐकून मी मोबाइल खाली घेतला. "माहीत होतं तुला?" मी विचारलं. तो म्हणाला, "माहीत होतं. पण म्हणून मानलं असं होतं का?"

ते बोलणं फार कुणी बघितलं नाही. ज्यांनी बघितलं त्यांनी लिहिलं, म्हाताऱ्याला विकत घेतलं. डोळे बघा, समोरचं वाचून बोलतोय. टोपीवाल्याने त्याचा वेगळाच कार्यक्रम केला, साक्षीदाराला कसं फोडलं म्हणून. हात दाबून गेलेल्यांपैकीच कुणीतरी दुकानाच्या काचेवर दगड टाकला. गल्लीतलं गिऱ्हाईकही तुटलं. ज्यांना खरं ठाऊक होतं ते पहिल्या बोलण्याने दुखावले होते, बाकीचे दुसऱ्याने. मामीने काचा गोळा केल्या आणि म्हणाली, "तेव्हाच गप्प बसवायला हवं होतं मी. जेवतोय म्हणून बघत राहिले."

काकाने खिडकी सोडली आणि भावाकडे राहायला गेला, लांबच्या गावी. कुणाला सांगून गेला नाही. मामाने दुकान बंद केलं. मी आमच्या इस्पितळात शब्द टाकला, तेव्हापासून तो तिथे वॉर्डातल्या रोग्यांचे केस कापतो, दाढ्या करतो. नर्सा त्याची स्तुती करतात. म्हणतात, फार शांत माणूस.

वर्ष उलटल्यावर तो म्हणाला, "मला त्याच्याकडे घेऊन चल." मी काकाच्या भावाचा पत्ता काढला. दोन बस बदलून गेलो. दार काकाच्या भावजयीने उघडलं. आम्ही कोण ते कळल्यावर म्हणाली, "ते घरी नाहीत." आतून खोकला ऐकू आला, काकाचाच. मामा म्हणाला, "बरं," आणि जिन्यात पायरीवर बसला. मीही बसले.

बऱ्याच वेळाने काका बाहेर आला. बारीक झाला होता. मामाच्या वरच्या पायरीवर टेकला. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"फोन येतात अजून?" मामाने विचारलं.

"नंबर बदलला. येतात कधीमधी. कुठून मिळतो कोण जाणे."

"माझं चुकलं."

"हो," काका म्हणाला.

नंतर तो म्हणाला, "तू परत येऊ नकोस. रागाने नाही सांगत. तुला बघितलं की ती आठवायला हवी. चहा घेऊन यायची ते आठवायला हवं. पण ती माणसंच डोळ्यांसमोर येतात, मोबाइल धरून उभी. तिच्यापुढेच येऊन उभी राहतात."

मामाने मान हलवली. उठताना त्याने कठड्याला धरलं, मी दुसरा हात धरला. काका वरच बसून राहिला.

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीशी बसला. शहर जवळ आल्यावर मी न राहवून विचारलं, "मामा, आता तरी वाटत नाही ना तुला, तो पोरगा वेगळा होता असं?"

त्याने खिडकीची काच ओढून लावली. "दिवसा नाही वाटत," म्हणाला. "सकाळी उठताना वाटतं. थोडा वेळ. मग जातं."

घरी मामीने विचारलं, "भेटले का?"

"भेटला," मामा म्हणाला आणि हात धुवायला गेला.